पुठ्ठ्याचा ओव्हन

बायकोचा चेहरा नीट पाहायचा असला की बाबा तिच्या कानाकडे बघत. सरळ बघितलं तर नाक, डोळे, ओठ सगळं एका करड्या धुक्यात विरघळून जाई आणि भोवती नुसते केस, मान आणि गळ्यातली साखळी उरे. कानाकडे बघितलं की मात्र चेहरा कडेकडेने, पाय न वाजवता आत येई.

"इतक्या वर्षांनी माझे कानातले दिसले म्हणायचे!" हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा आई म्हणाली होती.

"तेच बघतोय. एक हरवलंय का गं?"

तिने खरंच झटकन कानाला हात लावला. मग दोघंही बराच वेळ हसली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं होतं. डोळ्यातल्या पडद्याचा अगदी मधला ठिपका झिजतोय. कडा शाबूत राहतील. "तुम्हाला पूर्ण अंधार कधी होणार नाही," ते म्हणाले होते, "फक्त ज्याच्याकडे बघाल ते दिसणार नाही." बाबांना ते वाक्य इतकं आवडलं की घरी येईपर्यंत त्यांनी ते मनात घोळवलं. त्यांनी जन्मभर नकाशे काढले होते. टेकड्यांच्या समोच्च रेषा, जमिनीखालचे नळ, नदीचे जुने आणि नवे काठ, सगळं बारीक निबेच्या पेनाने. आता नकाशाच्या मधोमध शाई सांडली होती आणि चौकट तेवढी लख्ख होती.

आई इस्पितळात सिस्टर होती. बाबाही तिला सिस्टरच म्हणत, आणि ओळख नसलेल्या माणसासमोर म्हणाले की तो माणूस गोंधळून जाई. तिची ड्यूटी बहुतेक रात्रीची आणि बाबांचं टेबल घरातच, त्यामुळे लग्नानंतर थोड्याच दिवसांत स्वयंपाकघर कुणी न ठरवता बाबांकडे आलं आणि त्यांच्याकडेच राहिलं. ती सकाळी परत यायची त्या सुमाराला ओव्हनमधून पाव निघे. जिन्याच्या वळणावर वास आला की पायातले बूट हलके होतात, असं ती म्हणे. बाबांनी वळणापर्यंत जाऊन कधी वास घेऊन बघितला नव्हता. पण वळणावर तिची चाल बदलते, हे त्यांना आतून ऐकू येई.

नवीन स्वयंपाकघराची कल्पना तिचीच.

"दिसतंय तोवर करून घेऊ," ती म्हणाली. "हातांना शिकायला वेळ मिळेल. वॉर्डात बघते ना मी. सवयीची खोली असली की माणूस मिट्ट काळोखातसुद्धा पाण्याचा ग्लास सांडत नाही. नव्या खोलीत टाका, भर दुपारी भिंतीवर आपटतो."

जुन्या ओव्हनचं दार तारेने बांधलेलं होतं आणि त्याच्या बटणावरचे आकडे केव्हाच पुसून गेले होते. बाबांना त्याची अडचण वाटत नव्हती. पण गेल्या महिन्यात ते दार अवचित निसटलं आणि त्यांच्या मनगटावर एक तपकिरी पट्टा उमटला. आईने मलम लावलं. ती काही बोलली नाही, याचीच बाबांना जास्त धास्ती वाटली.

तो पट्टा लेकीने पाहिला. ती रजा टाकून आली होती ती स्वयंपाकघराच्या कामासाठीच. लहानपणापासून बाबांच्या टेबलावरची पट्टी घेऊन घरातलं जे हाताला लागेल ते मोजत फिरायची म्हणून तिचं नाव मोजपट्टी पडलं, आणि वापरून वापरून त्याची नुसती पट्टी झाली. आता ती एका प्रयोगशाळेत उष्णता कशातून किती वेगाने वाहते ते मोजायची. म्हणजे नाव वाया गेलं नव्हतं.

"हे केव्हाचं?" तिने बाबांचं मनगट धरून विचारलं.

"जन्मखूण आहे."

"बाबा!"

"बरं बरं. जरा उशिरा जन्मलेली खूण आहे."

ती हसली नाही.

*

दुकानात ओव्हन भिंतभर एकावर एक लावलेले होते. सगळ्यांची दारं काळ्या काचेची. बाबांना ती भिंत एखाद्या मोठ्या इमारतीसारखी वाटली, जिथली सगळी माणसं बाहेरगावी गेलीत आणि दिवे मालवून गेलीत. प्रत्येक खिडकीत एक माणूस उभा होता. खांदे बाबांचेच, कोटही तोच, वर चेहरा नाही. बाबांनी हात हलवला. सगळ्या खिडक्यांतून हात हलले.

"कुणाला हात करताय?" पट्टीने विचारलं.

"शेजाऱ्यांना."

टाय लावलेला सेल्समन लगबगीने आला. त्याचा टाय बाबांना उत्तम दिसला, कारण ते त्याच्या खांद्याकडे बघत होते. "हा बघा सर, कॉम्बिनेशन मायक्रोवेव्ह. लहरी, गरम हवा आणि ग्रिल, तिन्ही एकाच पेटीत. याच्याशेजारी हा दुसरा ओव्हन, मोठा. जोडीने घेतात बरेच लोक. पण खरं सांगू का, याच्या एकट्यावरसुद्धा भागतं."

बाबांनी काचेवरून तळवा फिरवला. थंड, गुळगुळीत, गोठलेल्या तळ्यासारखी. "बटणं कुठायत?"

"बटणं नाहीत ना सर! सगळं काचेवर. बोट लावायचं की झालं."

"कुठे लावायचं?"

"जिथे चिन्ह दिसतंय तिथे."

बाबांनी मान डोलावली. सेल्समन भला माणूस होता, त्याला उगाच कानकोंडं करायचं नव्हतं.

"हा बोलतो, बाबा," पट्टी म्हणाली. "काय चालू आहे, किती वेळ राहिलाय, सगळं सांगतो. आणि फोनवरून चालतो. मला तिकडे बसून कळेल चालू आहे की बंद."

"म्हणजे माझा पाव तू तिथून काढणार?"

"काढणार नाही हो. बघणार फक्त."

"हां. बघणारं माणूस घरात कमीच पडत होतं."

सेल्समनने घाईघाईने दुसरा दाखवला. याला गोल बटण होतं, छान जड. बाबांनी फिरवलं. ते फिरलं. आणखी फिरवलं, आणखी फिरलं. विहिरीत सोडलेल्या दोरासारखा त्याला तळच लागेना.

"याची सुरुवात कुठे आहे?"

"हा फिरतच राहतो, सर. आकडा वर दिसतो."

"ज्याला दिसतो त्याला," बाबा पुटपुटले.

मग ते आपले आपण भिंतीच्या कडेने निघाले. बोटं एकेका काचेवरून, एकेका कडेवरून घसरत गेली आणि अगदी कोपऱ्यात एका बटणापाशी थबकली. बटणाला एक धार होती, काटा म्हणावा अशी. मागे फिरवलं तर ते 'टक्' करून थांबे आणि त्याच्या मागे जाता येत नसे. तिथून पुढे हलकीशी खाच, आणखी एक खाच, आणखी एक. बाबांनी डोळे मिटले आणि शून्यापासून वर चढत गेले, टेकडी चढावी तसे.

"नकाशाला आधी उत्तर दिशा लागते," ते मागे न वळता म्हणाले. "याला आहे."

"ते जुनं मॉडेल आहे, सर," सेल्समनने मागून सांगितलं. "म्हणून कोपऱ्यात ठेवलंय. शेजारचा मायक्रोवेव्हही त्याच कंपनीचा, तिन्ही कामं करणारा, पण दोन बटणंवाला. आता कुणी विचारत नाही त्यांना."

"मग आमचं जमेल."

बाहेर आल्यावर दोघं एका कट्ट्यावर कागदी पेल्यांतला चहा घेऊन बसली. पट्टीने बराच वेळ पेला नुसता हातात फिरवला. मग म्हणाली, "बाबा, मायक्रोवेव्ह घेऊ. तुम्हाला आवडला तोच, दोन बटणांचा. पण दुसरा ओव्हन नको. त्या जागी कपाट करू."

"का?"

"मायक्रोवेव्हमध्ये नुसत्या लहरींवर सूप तापवलं तर सूप तापतं, भिंती तापत नाहीत. त्यातली गरम हवा आणि ग्रिल आपण वापरायचंच नाही. ओव्हनच्या मात्र भिंतीच तापतात, जाळी तापते, दार तापतं. तुमचं मनगट त्या दाराला..." ती थांबली.

"मायक्रोवेव्हमध्ये माझा पाव होत नाही."

"पाव विकत मिळतो, बाबा."

ती हे चिडून म्हणाली असती तर बाबांनी काहीतरी टोला दिला असता. पण ती फार हळू म्हणाली. बाबांनी तिच्या कानाकडे बघितलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. लहानपणी ताप मोजताना थर्मामीटर धरून बसायची, तसे.

*

"दोन्ही पुठ्ठ्याचे करा," आईने निकाल दिला. ती ड्यूटीवर निघायच्या तयारीत होती आणि उभ्या उभ्या केस बांधत होती.

"म्हणजे?" पट्टीने विचारलं.

"नव्या मुलींना आम्ही पहिल्याच दिवशी पेशंटला सुई टोचू देत नाही. आधी बाहुली देतो. सुतार यायला अजून अवकाश आहे ना? तोवर पुठ्ठ्याचं स्वयंपाकघर उभं करा. जुना ओव्हन बाहेर बैठकीत राहू दे, पोटापुरतं तिथे चालेल. ह्यांचे हात शिकले तर ओव्हन घ्यायचा. नाही शिकले तर कपाट. आणि मग कुणी तोंड फुगवून बसायचं नाही."

"कुणी म्हणजे कुणी?" बाबांनी विचारलं.

"ज्याला कळायचं त्याला कळलंय," आई म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली.

जुनी कपाटं आणि ओटा उचकटून नेल्यावर खोली एकदम मोठी आणि अनोळखी झाली. बोललं की भिंती हलकेच परत बोलत. सेल्समनकडून रिकामी खोकी आली आणि बापलेक जमिनीवर बसली. बाबा बोटांनी कडा चाचपून रेघ कुठे ते सांगत, पट्टी ती मारी आणि कापी.

"प्रमाण काय धरायचं?" तिने सवयीने विचारलं.

"एकास एक," बाबा म्हणाले आणि स्वतःशीच हसले. "जन्मभर डोंगर लहान करत आलो. आहे ते आहे तेवढंच पहिल्यांदा काढतोय."

दोन्ही पेट्या शेजारी शेजारी ठेवायच्या ठरल्या, कोपराच्या उंचीवर, कारण गरम वाटी डोक्यावरून उतरवायला आईची सक्त मनाई होती. डावीकडे मायक्रोवेव्ह, उजवीकडे ओव्हन. नियम एकच. डावीकडे धातू न्यायचा नाही, पावाचं टिन फक्त उजवीकडे जाणार. कारण टिन चुकून लहरींत गेलं तर ठिणग्या उडतील. आणि तीन कामं करणाऱ्या पेटीबद्दल बाबांचं म्हणणं असं, की ज्या घरात तिघं राहतात आणि आज दार कोण उघडणार ते बाहेरून कळत नाही, तिथे आपण सूप घेऊन जावं, लोखंड घेऊन जाऊ नये. पट्टीने दारांना कापडाच्या बिजागऱ्या लावल्या. बाटलीच्या झाकणांची बटणं केली, त्यांना काडेपेटीतल्या काडीचे काटे चिकटवले, भोवती सुपाची आणि पावाची खूण केली आणि मागे एक टाचणी अशी खोचली, की झाकण मागे फिरवलं की तिथे अडून 'टक्' वाजे. हा 'टक्' हुबेहूब जमेपर्यंत तिने बरीच झाकणं वाया घालवली. ज्या गोष्टीला तिचा विरोध होता ती गोष्ट ती इतकी जीव ओतून बनवत होती, याचं बाबांना हसूही आलं आणि बरंही वाटलं.

मग सराव. पट्टी रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसे आणि सांगे, "डोळे मिटा. सूप गरम करा."

बाबा वाटी घेऊन निघत. हात जुन्या ओट्याच्या दिशेने जाई, जिथे आता नुसती हवा होती. कधी दाराची कड चुके. एकदा सूप उजवीकडे गेलं, आणि एकदा तर टिन डावीकडे.

"ठिणग्या," पट्टी कोरडेपणाने म्हणाली.

"तू बघत असलीस की हात बिचकतो."

"मी नुसती बघतेय. बघण्याने काय होतं?"

"तूच सांग. मोजमापाचं शास्त्र तू शिकलीस."

"मी रोज उष्णता मोजते. ती बिचकत नाही."

"उष्णतेला मुलगी नसते."

यावर मात्र ती हसली. हसता हसता तिने डोळे पुसले का काय ते बाबांना दिसलं नाही, कारण ते नेमके तिच्याकडेच बघत होते.

ती काही कामासाठी बाहेर गेली की बाबा एकटे त्या खोलीत जात. खिडकीला पडदे नव्हते. ऊन थेट आत येऊन पुठ्ठ्यावर बसे आणि सगळी खोली बिस्किटाच्या रंगाची होई, पुठ्ठ्याला भुशासारखा, कोरड्या गवतासारखा वास येई. आश्चर्य म्हणजे तिथे बाबांना नेहमीपेक्षा बरं दिसे. तिथे बघण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून काही हरवतही नव्हतं. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहत आणि डोळ्यांच्या कडेला पुठ्ठा हळूहळू घट्ट होऊ लागे. कडा चकाकू लागत. काच काळी होऊन तिच्यामागे एक लहानसा पिवळा दिवा लागे. वळून बघितलं की पुन्हा पुठ्ठा. बाबांना वाटे, हे स्वयंपाकघर कडेला कधीचं बांधून झालंय, मध्ये यायचं तेवढं बाकी आहे. मग ते न वळता, खिडकीकडेच बघत हात लांब करत आणि बोटं आपोआप झाकणावर जाऊन टेकत. टक्. एक खाच. दोन खाचा. पट्टीने खाचा केल्याच नव्हत्या. बोटंच त्या मोजत होती.

पण हे तिला सांगून काय उपयोग? ती समोर बसली की पुन्हा हात चाचपडू लागे.

सुतार यायच्या आदल्या दुपारी तिने शेवटची परीक्षा घेतली. बाबांनी उजव्या पेटीचं दार उघडून हात आत नेला आणि तो जिथे दार खरोखर तापलेलं असतं नेमका तिथे, आतल्या कडेवर पडला. मनगटावरचा तपकिरी पट्टा दोघांच्या मध्ये कुणी मांडून ठेवल्यासारखा होता.

"कपाटच करू, बाबा," पट्टी शेवटी म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले. ठरल्याप्रमाणे त्यांनी तोंडही फुगवलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीसारखे पहाटे उठले. सुतार सकाळी येणार, पुठ्ठे काढणार, म्हणून आज कणिक तिथेच मळावी असं त्यांना वाटलं. दोन स्टुलांवर फळी टाकली. कणिक मळायला डोळे लागत नाहीत. ती स्वतःच सांगते, अजून, अजून, आता पुरे. त्यांनी तिला फुगायला ठेवलं, बैठकीत जाऊन जुना ओव्हन तापत ठेवला आणि परत येऊन खिडकीपाशी बसले.

उजाडलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर वाळत घातली होती, ती कडेकडेने हलत होती. बाबांना अर्धवट डुलकी लागली असावी. त्या डुलकीत त्यांना एक नकाशा दिसला, मोठा, जमिनीवर पसरलेला, आणि त्याच्या मधोमध शाई नव्हती, पीठ होतं. फुंकर मारली की खालच्या रेषा दिसत. मग ते उठले. कणिक टिनात घातली, वरून पाण्याचा हात फिरवला, दार उघडलं, टिन ठेवलं, दार लावलं, बटण फिरवलं. टक्, आणि मग वर, वर. हात पुसले. पुन्हा येऊन खिडकीपाशी बसले आणि वासाची वाट बघू लागले.

ऊन वाढत गेलं. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. आज पावाला वेळ लागतोय, त्यांना वाटलं. पण त्यांना कसलीच घाई नव्हती. आजचा पाव शेवटचा, तर तो सावकाश होऊ दे.

जिन्यावर पावलं वाजली. वळणापाशी आली. वळणावर ती हलकी झाली नाहीत.

दार उघडून आई आत आली. "आज वास नाही आला?"

"मलाही नाही आला. बराच वेळ झाला ठेवून. बघतेस का जरा?"

आई रात्रभर उभी होती. तिने पर्स खाली ठेवली, खिळ्याला अडकवलेले जाड हातमोजे घातले, उजवीकडचं दार उघडलं आणि थोडं मागे झुकून, तोंडावर वाफ येऊ नये म्हणून मान वळवून, दोन्ही हातांनी टिन बाहेर काढलं.

मग ती तशीच उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली.

"काय? करपला?"

"हा गार आहे."

बाबांनी तिच्या कानाकडे बघितलं. मग तिच्या मागच्या चौकोनाकडे. या खेपेला तो पुठ्ठ्याचाच होता, कडेलाही आणि मध्येही. बैठकीत जुना ओव्हन बिचारा मघापासून रिकामाच तापत बसला होता.

दारात पट्टी उभी होती, तोंडात टूथब्रश तसाच. तिने तो काढला. "बाबा, तुम्ही पाव पुठ्ठ्यात भाजायला ठेवलात?"

बाबांनी पुसलेलेच हात पुन्हा एकदा पुसले.

"हेच म्हणत होते मी," ती कातर आवाजात म्हणाली. "हीच भीती होती मला. आणि आई, तू तरी..." ती थांबली. "आई, तू हातमोजे का घातलेस?"

"का म्हणजे? ओव्हनमधून काढताना भाजेल ना हा..." आईने आपल्या हातांकडे बघितलं. मोठे, फुगीर, पकडीच्या जागी काळवंडलेले हातमोजे, आणि त्यांच्यात थंडगार टिन, आणि टिनात उन्हाच्या उबेने फुगून टोपीसारखी वर आलेली कणिक.

आधी तिचे खांदे हलले. मग तिने टिन फळीवर ठेवलं आणि हातमोज्यांनीच तोंड झाकून ती हसू लागली. रात्रभराच्या जागरणाचं ते हसू थांबता थांबेना. "वाफ! अगं, मी वाफ चुकवली!" तिला नीट बोलताही येईना. "मान वळवली मी, बाई!"

बाबांनाही हसू आलं, पण ते अर्ध्यातच राहिलं, कारण पट्टी हसत नव्हती. ती उजव्या पेटीसमोर गुडघ्यांवर बसली होती. तिने आत डोकं घातलं. मग हाताने चाचपून गाऊनच्या खिशातली टेप काढली. ती खिशात होती, याचं घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

जाळीच्या पुठ्ठ्यावर टिनाचा पिठाळ ठसा उमटला होता. तिने तो डावीकडून मोजला, उजवीकडून मोजला, मागून मोजला. मग दाराच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं. कालच्या परीक्षेत हात पडला होता ती कड. तिथे पिठाचा एक कणही नव्हता. पीठ फक्त दाराच्या मुठीवर होतं, बाहेरून. मग तिने झाकणाची काडी बघितली.

"कितीवर आहे?" आईने हसू आवरत विचारलं.

"पावाच्या खुणेवर." पट्टी मागे वळली नाही. "टिन बरोबर मध्ये आहे. आणि डावीकडचं दार बाबांनी उघडलेलंच नाही."

गच्चीवरची चादर हलत राहिली.

"बाबा, पुन्हा ठेवून दाखवा."

"आता नाही जमायचं. तू बघते आहेस."

ती उठली, भिंतीकडे गेली आणि पाठ करून उभी राहिली. लपाछपीत राज्य आलेल्या मुलीसारखे तिने डोळ्यांवर दोन्ही हात धरले. "नाही बघत. ठेवा."

बाबांनी टिन उचललं. खिडकीकडे तोंड केलं. ऊन चेहऱ्यावर आलं आणि त्यांना आठवलं, की आता काही ठरायचं राहिलेलं नाही. कपाट तर कालच ठरलंय. हात सैल झाले. दार उघडलं, टिन गेलं, दार मिटलं. टक्. आणि मग झाकण वर चढत गेल्याची बारीकशी करकर.

पट्टी भिंतीकडे तोंड करून ते ऐकत होती. तिने हात काढले तेव्हा तिचे गाल ओले होते. हे बाबांना दिसलं, कारण ते अजून खिडकीकडेच बघत होते.

"हात चुकला नाही," ती म्हणाली. "ओव्हन आणायचा राहिला, ही चूक आपली."

"म्हणजे?" आईने विचारलं. तिला कळलं होतं, पण तिला ते पट्टीच्या तोंडून हवं होतं.

"म्हणजे कपाट नको. ती कोपऱ्यातली जोडी आणू. मी परीक्षा घेत होते ती माझ्या भीतीची, बाबांच्या हातांची नाही. आणि फोनवाला नको. मी तिकडून बघत बसले तर बाबांचा रोज पाव करपेल."

"हातमोजे मात्र लांब घ्यायचे, कोपरापर्यंत," आई म्हणाली. "त्यात वाद नाही."

"नाही, सिस्टर," बाबा म्हणाले.

कणिक एव्हाना जास्त फुगली होती. बैठकीतल्या ओव्हनमध्ये घातली तशी ती मध्ये खचली आणि पाव निघाला तो टोपीवर कुणी बसल्यासारखा. वास मात्र घरभर झाला, जिन्यातही गेला असणार. तिघं पुठ्ठ्याच्या स्वयंपाकघरात फळीभोवती बसून तो गरम गरम, हाताने तोडून खाऊ लागली. जरा आंबट झालाय, आई म्हणाली. हवेचे बुडबुडे मोठे होऊन फुटले म्हणून खचला, पट्टी म्हणाली. बाबांना आपल्या बायकोच्या ओठाला लागलेला पावाचा कण दिसत होता.

तेवढ्यात सुतार आला. खांद्यावरची पिशवी उतरवून तो दारातच थबकला. पुठ्ठ्याची कपाटं, पुठ्ठ्याचा ओटा, मध्ये बसून पाव खाणारं कुटुंब, एकीच्या हातात अजून हातमोजे.

"हे सगळं काढायचं ना?" त्याने विचारलं.

"काढा ना, दादा," पट्टी म्हणाली. "मापं घेऊन ठेवली आहेत. सगळं आहे तिथेच बसवायचंय."

सुताराने बाह्या सरसावल्या आणि सरळ उजवीकडच्या पेटीला हात घातला.

"जपून हं," पट्टी तोंडातला घास न गिळताच म्हणाली, "आत्ताच बंद केलाय."

सुताराने झटकन हात मागे घेतला.